डोंगरवाटेवरचा नेता कसा घडतो?

बीड जिल्हा म्हटला की डोळ्यांसमोर दुष्काळ, ऊसतोड मजुरांचे तांडे आणि परळी-अंबाजोगाईची तीर्थे येतात. डोंगर सहसा येत नाहीत. गिरिभ्रमणाचा विषय निघाला की महाराष्ट्राची नजर पश्चिमेकडे, सह्याद्रीकडे वळते. परंतु याच सह्याद्रीची एक शाखा हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघून आग्नेयेकडे येते आणि अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर असा प्रवास करते. ही बालाघाटची डोंगररांग होय. तिने बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदावरीकाठचा सखल प्रदेश आणि दक्षिणेला डोंगरपठार. आष्टी, पाटोदा, केज, धारूर, अंबाजोगाई हे तालुके या पठाराच्या अंगाखांद्यावर वसले आहेत. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातील याच डोंगरात उगम पावते आणि बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही बालाघाटातूनच खाली उतरते.

पावसाळा सुरू झाला की या रांगेतील सौताड्याचा धबधबा आणि मांजरसुंब्याजवळचे कपिलधार येथे गर्दी लोटते. अलीकडे या गर्दीत शाळा-महाविद्यालयांचे गट, हौशी मंडळे आणि माणशी वर्गणी घेऊन भटकंती घडविणारे आयोजकही दिसतात. पुढे चालणारा एक जण असतो, बाकीचे त्याच्या मागे असतात. पुढे चालणाऱ्याची पात्रता कोणती, हे मात्र क्वचितच विचारले जाते. या पात्रतेसाठी कोणते शिक्षण उपलब्ध आहे, ते कोठे मिळते आणि त्यातून नेमके काय साध्य होते, हे गिरिभ्रमणाची आवड असणाऱ्यांनी आणि आपली मुले अशा सहलींना पाठविणाऱ्या पालकांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

वाटाड्या आणि नेता

वाटाड्याला वाट माहीत असते. गुराखी, वनमजूर, डोंगरावरच्या वस्तीतला शेतकरी यांच्याइतकी वाटेची माहिती कोणत्याही नकाशात सापडत नाही. नेत्याचे काम त्याहून वेगळे आहे. आपल्यामागे येणारी माणसे किती चालू शकतील, कोणाला धाप लागली आहे, पाणी किती उरले आहे, आभाळ कोणत्या दिशेने भरून येत आहे आणि अपघात झालाच तर जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, या सर्वांचा हिशेब त्याच्या मनात सतत चालू असावा लागतो. वाट चुकली तर वाटाड्याची फजिती होते; नेत्याचा निर्णय चुकला तर त्याची किंमत इतरांना मोजावी लागते.

ही कल्पना मराठवाड्याला नवीन नाही. आषाढीच्या वाटेवर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईमार्गे जाते, मुक्ताबाईंची पालखी बीडवरून पुढे सरकते. कार्तिकात मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी ठिकठिकाणचे भाविक कपिलधारला पायी येतात. दिंडीत चोपदार असतो, मुक्कामाची सोय पाहणारा असतो, मागे राहिलेल्यांसाठी वाहन असते. शेकडो माणसांना एका शिस्तीत चालविण्याचे शास्त्र या भूमीने पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. मात्र दिंडीची वाट गावागावांतून जाते. डोंगरातल्या वाटेवर ना गाव असते ना दवाखाना, आणि म्हणूनच तेथे स्वतंत्र प्रशिक्षणाची गरज भासते.

ठेंगणे डोंगर, खरे धोके

बीड जिल्ह्यातील डोंगरमाथे हजार मीटरच्या आतले आहेत. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. त्या तुलनेत बालाघाट ठेंगणाच म्हणावा लागेल. परंतु डोंगराची उंची आणि त्यातील धोका यांचे गणित सरळ नसते.

पहिला धोका पाण्याचा. जिल्ह्याचे सरासरी पर्जन्यमान साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास आहे. पण हा पाऊस अनेकदा थोड्या दिवसांत आणि जोरदार सरींनी कोसळतो. उघड्याबोडक्या उतारांवरून पाणी वेगाने वाहते आणि वरच्या पठारावर पडलेला पाऊस खालच्या दरीत कोरड्यात उभ्या असलेल्या माणसांवर येऊन आदळतो. सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत झेपावते आणि रामेश्वराचे मंदिर त्या दरीच्या तळाशी आहे. तेथे उतरणाऱ्या गटाच्या नेत्याने डोक्यावरच्या आभाळाबरोबरच वरच्या पाणलोटातल्या पावसाचीही चौकशी केलेली असली पाहिजे. लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या ओढ्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा पाणी किती अल्पावधीत वाढते हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

दुसरा धोका उन्हाचा. मार्च ते मे या काळात बालाघाटात सावली दुर्मीळ आणि पाणी त्याहून दुर्मीळ असते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले आणि बोलण्यात असंबद्धता आली तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी रुग्णाला सावलीत नेऊन ताबडतोब अंग थंड करणे हाच पहिला उपचार होय. याच दिवसांत वाळलेल्या गवताला लागणारे वणवेही विसरून चालत नाहीत. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात ११ मार्च २०१८ रोजी भटकंतीला गेलेले दोन गट वणव्यात सापडले आणि वीसहून अधिक जणांचा बळी गेला. ते डोंगर हिमालयातले नव्हते आणि तेथे बर्फही नव्हता.

याखेरीज वळवाच्या आणि परतीच्या पावसातील वीज, कड्यांवरची आग्या मोहोळे, नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार प्रमुख विषारी साप आणि काही भागांत बिबट्या, ही यादी नेत्याला पाठ असावी लागते. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. अशा काळात वनखात्याला आणि गावकऱ्यांना विचारल्याशिवाय डोंगरात पाऊल न टाकणे हेच शहाणपण ठरते.

प्रशिक्षणाची शिडी

भारतात गिर्यारोहणाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते एव्हरेस्टच्या पहिल्या यशानंतर. तेनसिंग व हिलरी यांनी १९५३ मध्ये एव्हरेस्ट सर केले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. तेथील क्षेत्रीय प्रशिक्षणाची धुरा तेनसिंग नोर्गे यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यानंतर मनाली येथील संस्था, १९६५ मध्ये उत्तरकाशी येथे नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग आणि पुढे पहलगाम येथील जवाहर इन्स्टिट्यूट अशा संस्था उभ्या राहिल्या. मराठी तरुणांची पावले वर्षानुवर्षे यांपैकीच एखाद्या संस्थेकडे वळत आली आहेत.

येथील शिक्षणाची रचना शिडीसारखी आहे. पहिली पायरी म्हणजे मूलभूत गिर्यारोहण अभ्यासक्रम. सुमारे चार आठवड्यांच्या या अभ्यासक्रमात दोरांच्या गाठी, प्रस्तरारोहण, बर्फावरील व हिमनदीवरील चाल, तंबूतील जीवन, नकाशावाचन व प्रथमोपचार शिकविले जातात. पाठीवर ओझे घेऊन चालण्याची सवय नसलेल्यांची खरी कसोटी येथेच लागते. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला अनिवार्य असतो आणि जागा मर्यादित असल्याने कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो. ‘अ’ श्रेणी मिळविणाऱ्यांना प्रगत अभ्यासक्रमाचे दार उघडते. त्यापुढे शोध व बचाव अभ्यासक्रम येतो आणि प्रगत अभ्यासक्रमातही ‘अ’ श्रेणी मिळविणाऱ्यांसाठी इतरांना शिकविण्याचे तंत्र देणारा ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ अभ्यासक्रम असतो. प्रशिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी हीच शेवटची पायरी मानली जाते.

हे शिक्षण निर्धोक नाही, याचीही जाणीव ठेवावी. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील ‘द्रौपदी का डांडा’ शिखरावर झालेल्या हिमस्खलनात उत्तरकाशीच्या संस्थेतील प्रगत अभ्यासक्रमाचे प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक सापडले आणि २७ जणांचे मृतदेह हाती लागले.

महाराष्ट्रातही शिक्षणाच्या सोयी वाढल्या आहेत. पुण्याच्या १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेच्या पुढाकारातून गार्डियन गिरिप्रेमी इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग उभी राहिली. राज्यातील गिर्यारोहण संस्थांना एकत्र आणणारा अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ सुरक्षिततेच्या प्रश्नावर काम करतो. अनेक जुन्या संस्था सह्याद्रीत प्रस्तरारोहणाची शिबिरे घेतात. हिमालयात जाण्यापूर्वी अशा एखाद्या संस्थेत एक-दोन वर्षे घालविणे केव्हाही हिताचे.

बर्फातले प्रमाणपत्र, माळावरची जबाबदारी

येथे एक पेच उद्भवतो. भारतातील प्रमुख प्रमाणपत्रे ही गिर्यारोहणाची, म्हणजे दोर, बर्फ आणि शिखर यांची आहेत. बालाघाटातल्या वाटेवर पंचवीस विद्यार्थ्यांना सुखरूप नेऊन आणण्याची परीक्षा घेणारे, देशभर मान्य असलेले स्वतंत्र प्रमाणपत्र अद्याप रुजलेले नाही. मूलभूत अभ्यासक्रमात हिमकुऱ्हाड चालवायला शिकलेला तरुण ऑक्टोबरच्या उन्हात चक्कर आलेल्या मुलीला कसे सांभाळील, याचे उत्तर त्याच्या श्रेणीपत्रकावर लिहिलेले नसते. कारण त्या अभ्यासक्रमात तो स्वतः कोणाच्या तरी मागे चालत असतो.

ब्रिटनने हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला. तेथे १९६४ पासून डोंगरवाटांवरील नेत्यांसाठी वेगळे प्रशिक्षण सुरू झाले. नोव्हेंबर १९७१ मध्ये स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म पठारावर हिमवादळात सापडून एडिंबरोच्या एका शाळेतील पाच विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतची एक तरुण प्रशिक्षणार्थी यांचा मृत्यू झाला, तेव्हापासून मुलांना डोंगरात नेणाऱ्यांच्या पात्रतेकडे तेथील समाज अधिक काटेकोरपणे पाहू लागला. आजच्या ‘माउंटन लीडर’ पात्रतेसाठी उमेदवाराला प्रशिक्षणापूर्वी किमान २० आणि अंतिम परीक्षेपूर्वी किमान ४० दर्जेदार डोंगरदिवसांची नोंद दाखवावी लागते. अनोळखी प्रदेशात, स्वतः वाट शोधत, पाच तास किंवा अधिक काळ केलेली चाल म्हणजे असा एक दिवस. सहा दिवसांचे प्रशिक्षण, आठ रात्रींचा तंबूतील मुक्काम, १६ तासांचे प्रथमोपचार शिक्षण आणि शेवटी पाच दिवसांची परीक्षा, असा हा क्रम आहे. कमी उंचीच्या डोंगरमाळांसाठी निराळी, तुलनेने सोपी पात्रताही आहे.

प्रशिक्षण आणि परीक्षा यांच्यामधला काळ हा या पद्धतीचा गाभा आहे. उमेदवाराने शिकलेले घेऊन परत डोंगरात जायचे, चुकायचे, नोंदवहीत लिहायचे आणि पुरेसा अनुभव आल्यावरच परीक्षेला बसायचे. आपल्याकडे अशी परीक्षा नसली, तरी अशी नोंदवही ठेवण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

नेत्याला काय यावे लागते?

नकाशा आणि वेळेचा अंदाज : भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे या कामी उपयोगी पडतात. त्यांतील समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. रेषा जितक्या दाट तितका उतार तीव्र. मोबाइलवरील नकाशा सोयीचा खरा, पण दरीत संपर्क तुटतो आणि बॅटरी संपते. वेळेच्या अंदाजासाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम आजही वापरला जातो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. बारा किलोमीटरची वाट आणि ३०० मीटरची चढाई असेल तर हिशेब तीन तासांच्या जवळ जातो. नवख्यांचा मोठा गट असेल तर तीच वाट पाच तास खाते. हा फरक न कळल्यामुळे कित्येक गट अंधारात सापडतात.

पाणी : उन्हाळी चालीत माणशी तीन लिटर धरले तरी पंचवीस जणांना ७५ लिटर पाणी लागते. वाटेत झरा आहे हे ऐकीव माहितीवर गृहीत धरणे बालाघाटात धोक्याचे आहे. जुलैतला झरा फेब्रुवारीत असेलच असे नाही.

प्रथमोपचार : शहरी प्रथमोपचार रुग्णवाहिका येईपर्यंतचा असतो. डोंगरातला प्रथमोपचार काही तासांचा असू शकतो. त्यासाठी दुर्गम भागातील प्रथमोपचाराचे वेगळे अभ्यासक्रम भारतात उपलब्ध आहेत. लहान अभ्यासक्रम दोन दिवसांचा, तर सखोल अभ्यासक्रम आठ-दहा दिवसांचा असतो. सर्पदंश झाल्यास दोरी आवळणे, चिरा देणे, विष तोंडाने ओढणे हे सर्व टाळून, दंश झालेला अवयव न हलविता रुग्णाला प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात नेणे हाच मार्ग आहे. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या वाटेपासून किती वेळाच्या अंतरावर आहे, हे निघण्यापूर्वीच ठाऊक असावे. १०८ ही रुग्णवाहिकेची सेवा उपयुक्त आहे. मात्र गाडी रस्त्यापर्यंतच येणार. रस्त्यापर्यंत रुग्णाला आणायचे कसे, हा प्रश्न नेत्याचाच.

हवामान : हवामान खात्याचा अंदाज पाहणे ही सवय व्हावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे ॲप विजेची पूर्वसूचना देते. गडगडाट ऐकू येऊ लागला की उघडा माथा आणि एकटे झाड दोन्ही सोडावे.

माणसे : गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावरून ठरतो. पुढे एक आणि मागे एक जाणता माणूस असावा. दर विश्रांतीला शिरगणती व्हावी. नेत्याने सर्वांत पुढे जाऊन माथ्यावर वाट पाहत बसणे हे तंदुरुस्तीचे लक्षण असेल, नेतृत्वाचे नव्हे.

नियम आणि परवानग्या

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, पाणी व हवा या तिन्ही ठिकाणच्या उपक्रमांचा त्यात समावेश असून आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यात अपेक्षित आहे. प्रशिक्षित मनुष्यबळ, योग्य साधने व सुरक्षिततेची व्यवस्था यांवर धोरणाचा भर आहे. पैसे भरण्यापूर्वी आयोजकाची नोंदणी, नेत्याचे प्रशिक्षण, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि विमा यांची विचारणा करणे हा प्रत्येक सहभागी व्यक्तीचा हक्क आहे आणि कर्तव्यही.

जागेचे नियम निराळे. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य हे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र असून तेथे वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. धारूरचा सोळाव्या शतकातील आदिलशाही किल्ला हा ऐतिहासिक वारसा आहे. त्याच्या तटांवर दोर टांगून सराव करणे अनुचित होय.

बीडच्या तरुणासाठी मार्ग

हिमालयातील अभ्यासक्रमासाठी महिनाभराची सवड, प्रवासखर्च आणि शुल्क लागते. ज्या घरांतील माणसे कारखान्यांच्या हंगामात ऊसतोडीला जातात, तेथील तरुणाला हे सहज परवडणारे नाही. त्यामुळे डोंगर बीडचा आणि नेता मात्र पुण्या-मुंबईचा, असे चित्र निर्माण होण्याची शक्यता असते. वाटा, पाणवठे आणि ऋतू यांची जन्मजात ओळख असलेला स्थानिक तरुण अशा वेळी ओझे वाहणारा किंवा दिवसाच्या मजुरीवरचा वाटाड्या एवढाच उरतो. प्रशिक्षणाचा प्रश्न सुरक्षिततेइतकाच रोजगाराचाही आहे, तो यामुळे.

आरंभ मात्र घरापासून करता येतो. पहिल्या वर्षी जिल्ह्यातील वाटा वेगवेगळ्या ऋतूंत चालून पाहाव्यात आणि प्रत्येक चालीची तारीख, अंतर, लागलेला वेळ, पाण्याच्या जागा व झालेल्या चुका लिहून ठेवाव्यात. महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेच्या साहसी शिबिरांचा लाभ घ्यावा. प्रथमोपचाराचे शिक्षण लगेच घ्यावे. ते सर्वांत स्वस्त आणि सर्वाधिक उपयोगाचे आहे. दुसऱ्या वर्षी एखाद्या जाणत्या संस्थेबरोबर सह्याद्रीत उतरावे आणि अनुभवी नेत्याच्या हाताखाली गटाच्या मागच्या टोकाला चालावे. बालाघाटाचा उगम जेथे होतो त्या हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर आहे. बीडच्या उमेदवाराला आपल्याच रांगेच्या मुळाशी जाऊन शिकण्याची ही संधी आहे. त्यानंतर हिमालयातील मूलभूत अभ्यासक्रम केल्यास त्याचे खरे चीज होते. परत आल्यावर दहा-बारा जणांच्या लहान गटापासून नेतृत्वाचा प्रारंभ करावा.

या सर्व शिक्षणाचा कस एकाच क्षणी लागतो. पैसे भरून आलेली माणसे समोर उभी आहेत, धबधबा अर्ध्या तासावर आहे, आणि पश्चिमेकडे आभाळ काळवंडले आहे. खाली उतरू नका, आता मागे फिरू, असे सांगितले तर नाराजी ओढवणार, कदाचित पैसेही परत करावे लागणार. त्या क्षणी शांतपणे ‘मागे फिरा’ म्हणू शकणारा माणूस खरा पात्र ठरतो. त्या दिवशी पाऊस आलाच नाही, तरी त्याचा निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. धबधबा पुढच्या आठवड्यातही तेथेच असतो. माणसे घरी पोहोचलेली असली पाहिजेत.